बावन्नातून सोळा वजा : ‘शॉर्ट डेक’ पोकर आणि ते शिकण्याचा प्रश्न

पाच-तीन-दोन किंवा सात-आठ खेळलेल्या घरांना पत्ते काढून खेळण्याचे नवल नाही. चौथा गडी जेवायला उठतो, तिघेच उरतात, मग कुणीतरी कॅट हातात घेऊन दुर्रीपासून छक्कीपर्यंतचे सगळे पत्ते बाजूला टाकतो, दोन सत्त्याही काढतो, आणि तीस पत्त्यांवर डाव सुरू होतो. तिघांना दहा-दहा पत्ते, दहा हात, पाच-तीन-दोनची वाटणी. हिशेब सरळ आहे. काढलेल्या पत्त्यांना रबरबँड लावून ठेवतात आणि पुढच्या सुट्टीत त्यातली एक तिर्री हमखास सापडत नाही, एवढाच काय तो तोटा.

या खेळांत पत्ते काढल्याने वाटणी नीट होते, पण पत्त्यांच्या मानाला धक्का लागत नाही. एक्का राजावर, राजा राणीवर, तसेच राहते. पोकरची गोष्ट वेगळी आहे. तिथे पाच पत्त्यांचा कोणता संच कोणत्या संचावर चढतो हे तो संच किती दुर्मीळ आहे यावरून ठरले, असे मानतात. पत्ते कमी केले की दुर्मिळता बदलते, म्हणजे कायदाच हलतो. छत्तीस पत्त्यांवर खेळल्या जाणाऱ्या ‘शॉर्ट डेक होल्डेम’ किंवा ‘सिक्स प्लस’ या प्रकाराभोवती गेल्या काही वर्षांत जी चर्चा चालू आहे, तिचे मूळ इथे आहे. ती चर्चा कुठवर आली आहे आणि नव्याने शिकणाऱ्याला त्यातून काय हाती लागते, हे या लेखात पाहू.

खेळ थोडक्यात

ज्यांना होल्डेम ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मग टेबलावर सर्वांसाठी पाच पत्ते उघडतात: पहिले तीन एकदम, त्यांना फ्लॉप म्हणतात, मग एक, तो टर्न, शेवटी एक, तो रिव्हर. प्रत्येक टप्प्यावर बोली लावता येते, वाढवता येते, पत्ते टाकून बाहेर पडता येते. शेवटपर्यंत उरलेल्यांनी आपले दोन आणि टेबलावरचे पाच अशा सातांतून उत्तम पाच निवडायचे.

शॉर्ट डेकमध्ये दुर्री, तिर्री, चव्वी आणि पंजी हे सोळा पत्ते नसतात. छक्कीपासून एक्क्यापर्यंत नऊ दर्जे, प्रत्येकी चार पत्ते. एक्का वरही चालतो आणि खालीही: एक्का-छक्की-सत्ती-अठ्ठी-नव्वी ही सगळ्यात लहान स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते), म्हणजे एक्क्याने गैरहजर पंजीची जागा घेतली. फ्लश, म्हणजे एकाच रंगाचे पाच पत्ते, फुल हाउसवर, म्हणजे एका दर्जाचे तीन आणि दुसऱ्या दर्जाचे दोन अशा संचावर, चढतो. बोलीची सुरुवातही निराळी आहे. नेहमीच्या होल्डेममध्ये दोघेच सक्तीची रक्कम टाकतात, इथे बहुतेक ठिकाणी सगळेच ‘अँटी’ टाकतात आणि बटणवाला, म्हणजे ज्याच्यापुढे वाटपाची खूण असते तो, दुप्पट टाकतो. तीन पत्ती खेळणाऱ्यांना हा बूट समजावून सांगायला नको.

छोटा कॅट नवा नाही

शॉर्ट डेकला पोकरमधली ताजी टूम म्हणण्याची पद्धत आहे, ती इतिहासाला धरून नाही. पोकरची सुरुवातच छोट्या कॅटवर झाली. जोसेफ कॉवेल हा इंग्रज विनोदी नट १८२९ मध्ये अमेरिकेत बोटीने प्रवास करत होता. त्या प्रवासात पाहिलेला पोकरचा डाव त्याने १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत सांगितला आहे. त्याच सुमारास, १८४३ मध्ये, जुगार सोडून जुगाराविरुद्ध लिहू लागलेल्या जोनाथन ग्रीनने वीस पत्त्यांच्या एका खेळाचे वर्णन छापले. एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी. चार गडी, प्रत्येकी पाच पत्ते, कॅट संपला. बदली पत्ता घेण्याची सोय नाही, कारण उरलेला पत्ताच नाही. पुढे बावन्न पत्ते आले ते जास्त माणसे बसावीत, पत्ते बदलून घेता यावेत म्हणून. आणि फ्लशसारखे संच त्यानंतर रुळले. इराणी ‘आस-नास’ हा खेळ पोकरचा पूर्वज, असे बरीच वर्षे लिहिले जायचे. डेव्हिड पार्लेटसारख्या अभ्यासकांना ते पटत नाही.

युरोपातून छोटा कॅट कधी गेलाच नाही. इटलीतल्या घरगुती पोकरचा एक सुटसुटीत नियम आहे: अकरातून खेळाडूंची संख्या वजा करा, जो आकडा येईल तो कॅटमधला सर्वांत लहान पत्ता. चौघे असतील तर सत्ती, म्हणजे बत्तीस पत्ते. पाच जण बसले तर छक्की, म्हणजे नेमके छत्तीस. तिथेही फ्लश फुल हाउसवरच चढतो. ऑस्ट्रेलियातला ‘मनिला’ हा प्रकार बत्तीस पत्त्यांचा, आणि त्यातही तेच. हाँगकाँगमध्ये ‘शो हँड’ नावाने खेळल्या जाणाऱ्या पाच पत्त्यांच्या स्टड या पोकरच्या प्रकारात अठ्ठीच्या खालचे सगळे पत्ते काढून अठ्ठावीसवर खेळण्याची रीत होती. चाउ युन-फॅटचा ‘गॉड ऑफ गॅम्बलर्स’ (१९८९) पाहिलेल्यांना तो डाव आठवेल. रशियात ‘दुराक’साठी छत्तीस पत्त्यांचे कॅट दुकानात तयारच मिळतात.

तेव्हा मकाऊच्या बड्या टेबलांवर होल्डेम आणि छोटा कॅट यांची गाठ पडली यात फार मोठे आश्चर्य नाही. पॉल फुआ आणि रिचर्ड याँग या मलेशियन उद्योजकांच्या वर्तुळात हा प्रकार वाढला असे मानले जाते. तिथे खेळायला जाणाऱ्या टॉम ड्वान, फिल आयव्ही यांच्यासारख्या नामांकित अमेरिकी खेळाडूंना तो तिथेच शिकावा लागला. फुआ आणि याँग यांनीच उभ्या केलेल्या ट्रायटन मालिकेने मे २०१८ मध्ये माँटेनेग्रोत शॉर्ट डेकच्या स्पर्धा घेतल्या. अडीच लाख हाँगकाँग डॉलर प्रवेशशुल्काची एक आयव्हीने जिंकली. दहा लाखांची जेसन कूनने, आणि त्याला सुमारे ३६ लाख अमेरिकी डॉलर मिळाले. जानेवारी २०१९ मध्ये पोकरस्टार्सने हा प्रकार ऑनलाइन आणला. त्याच वर्षी लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये दहा हजार डॉलरची शॉर्ट डेक स्पर्धा झाली आणि ती अ‍ॅलेक्स एपस्टाइनने जिंकली. खासगी बैठकीतला खेळ वर्षभरात सर्वांसमोर आला. शिकण्याचा प्रश्नही तेव्हाच उभा राहिला, कारण मकाऊत शिकण्याची एकच रीत होती: बसायचे आणि हरायचे.

कोण कोणावर : मानाचा वाद

वादाचा गाभा आकड्यांत आहे, म्हणून इथे थोडे थांबू. हे आकडे कुणालाही वही-पेन्सिल घेऊन पडताळता येतील. अकरावी-बारावीच्या संचय-गणनेपलीकडचे त्यात काही नाही.

छत्तीस पत्त्यांतून पाच पत्ते ३,७६,९९२ प्रकारे निवडता येतात. त्यांत फुल हाउस १,७२८. फ्लश, स्ट्रेट फ्लश (एकाच रंगातली ओळ) वगळून, फक्त ४८०. बावन्न पत्त्यांत याच्या उलट असते. कारण समजायला सोपे आहे: दर्जे तेरावरून नऊवर आले तेव्हा प्रत्येक रंगातही नऊच पत्ते उरले, पण प्रत्येक दर्जाचे चार पत्ते शाबूत राहिले. एका रंगाचे पाच जमणे अवघड झाले, जोड्या-तिड्या जमणे सोपे झाले. फ्लश वर नेण्याबद्दल म्हणून कुठेही मतभेद नाही. इटालियन आजोबा आणि मकाऊचे धनिक यांचे इथे एकमत आहे.

मतभेद आहे तो स्ट्रेट आणि ट्रिप्स यांच्यात, म्हणजे ओळीने पाच पत्ते आणि एकाच दर्जाचे तीन पत्ते यांच्यात. पाच पत्त्यांच्या मोजणीत ट्रिप्स १६,१२८ आणि स्ट्रेट ६,१२०. स्ट्रेट जवळजवळ पावणेतीनपट दुर्मीळ, तेव्हा ती वर हवी. ट्रायटनच्या आज प्रचलित असलेल्या नियमांत आणि बहुतेक मोठ्या स्पर्धांत तसेच आहे.

पण होल्डेममध्ये पाच पत्ते वाटत नाहीत. सातांतून पाच निवडतात. सात पत्त्यांचे एकूण संच ८३,४७,६८०. त्यांतून ज्यांचा उत्तम हात स्ट्रेट ठरतो असे ११,६९,९४०, म्हणजे १४ टक्के. ट्रिप्स ६,०७,२००, म्हणजे सव्वासात टक्के. आता पारडे उलटले: स्ट्रेट जवळजवळ दुप्पट वेळा येते. ‘ट्रिप्स स्ट्रेटवर’ हा दुसरा नियम मानणाऱ्यांचे म्हणणे याच आकड्यांवर उभे आहे. त्या नियमाने खेळणारी टेबले पूर्वी बरीच होती, अजूनही आहेत.

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद प्रामाणिक आहेत. पहिली बाजू म्हणते, पोकरच्या संचांची उतरंड पाच पत्त्यांवरून ठरली आणि सात पत्त्यांचा होल्डेम आला तेव्हा ती कुणी बदलली नाही, तर आता का बदलायची? शिवाय होल्डेमहून येणाऱ्याला एकच बदल लक्षात ठेवावा लागतो, फ्लशचा. आणखी एक व्यवहारी कारण आहे, ते मोठ्याने कुणी बोलत नाही: स्ट्रेट वर असली की स्ट्रेटच्या आशेने थांबणारे वाढतात आणि पॉट, म्हणजे मधे जमलेल्या रकमा, मोठे होतात. दुसरी बाजू म्हणते, फ्लशला दुर्मिळतेचा न्याय लावला, मग ट्रिप्सला का नाही? प्रत्यक्षात जो खेळ खेळतो त्याचीच मोजणी धरावी.

माझ्या मते या वादात एक गोष्ट पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही. सात पत्त्यांच्या मोजणीला कसोशीने मान द्यायचा ठरवला, तर भलतीच पंचाईत होते. सात पत्त्यांत जोडीसुद्धा जमली नाही, ओळ नाही, रंग नाही, काहीच नाही, असे संच आहेत अवघे २,३३,१००. फुल हाउस आहेत ६,३३,०२४. म्हणजे दुर्मिळतेच्या न्यायाने रिकाम्या हाताच्या माणसाने फुल हाउसवाल्याला हरवायला हवे! आणि समजा तसा नियम केलाच, तर जोडीवाला आपल्या सात पत्त्यांतून जोडी फोडून पाच विजोड पत्ते दाखवील, रिकामे हात एकदम लाखांनी वाढतील आणि ज्या दुर्मिळतेमुळे नियम केला तीच नाहीशी होईल. निवडीची मुभा असली की क्रम मोजणीवर आणि मोजणी क्रमावर अवलंबून राहते.

ट्रिप्स-स्ट्रेटच्या वादाला मात्र ही पळवाट लागू होत नाही, हेही सांगायला हवे. सात पत्त्यांत स्ट्रेट आणि ट्रिप्स दोन्ही असणारे संच फक्त ३०,३६० आहेत. ते कोणत्याही बाजूला टाकले तरी स्ट्रेटच जास्त राहते. तेव्हा दोन मोजण्या आहेत, दोन्ही अचूक आहेत, त्यांची उत्तरे विरुद्ध आहेत, आणि कोणती धरायची हे गणित सांगत नाही.

आपल्याकडच्या तीन पत्तीने हा प्रश्न कधीच गुंडाळून ठेवला आहे. बावन्नातून तीन पत्त्यांचे २२,१०० संच होतात. त्यांत एकाच दर्जाचे तीन, म्हणजे ट्रेल, ५२. आणि एकाच रंगातली ओळ, म्हणजे प्युअर सिक्वेन्स, ४८. दुर्मीळ आहे प्युअर सिक्वेन्स, पण वर चढते ट्रेल. दिवाळीच्या रात्री यावरून कुणी उठून गेल्याचे मी पाहिलेले नाही.

हातात पत्ते आल्यावर काय बदलते

शिकणाऱ्याच्या दृष्टीने नियम पाठ करणे हे पाच मिनिटांचे काम आहे. अडचण येते ती सवयींची. होल्डेमच्या अंदाजांमागे बावन्न पत्त्यांचे आकडे दडलेले असतात, आणि अनुभवी खेळाडूला ते आकडे म्हणून आठवतही नाहीत. सायकल चालवताना तोल जसा अंगात असतो तसे ते असतात. छत्तीस पत्त्यांत तोल निराळा.

सुरुवातीचे दोन पत्ते १,३२६ ऐवजी ६३० प्रकारे येतात. दोन एक्के २२१ डावांत एकदा यायचे, ते १०५ मध्ये एकदा येतात. हातात कोणतीही जोडी असण्याची शक्यता सतरात एकदा होती, ती साधारण बारात एकदा झाली. जोडी हाती असताना फ्लॉपवर तिसरा पत्ता लागण्याची शक्यता पावणेबारा टक्क्यांवरून सतरा टक्क्यांवर जाते. हे सगळे ऐकायला गोड वाटते. पण आपल्याला लागते तसेच समोरच्यालाही लागते, हा भाग शिकायला पैसे पडतात. सात पत्त्यांत सर्वांत जास्त वेळा येणारा हात इथे दोन जोड्यांचा आहे, सुमारे ३८ टक्के. वरची एक जोडी घेऊन रिव्हरपर्यंत ठामपणे बसणे ही होल्डेममधली बऱ्यापैकी सुरक्षित सवय इथे महाग ठरते.

ओळ आणि रंग यांची अदलाबदल आणखी चकवणारी आहे. फ्लॉपनंतर तुमचे चार पत्ते ओळीने आहेत आणि दोन्ही टोके उघडी आहेत, तर रिव्हरपर्यंत ओळ पुरी होण्याची शक्यता बावन्न पत्त्यांत साडेएकतीस टक्के असते; इथे साडेपंचेचाळीस. मधला एक पत्ता हवा असेल तरी साडेचोवीस. उलट एका रंगाचे चार जमले असतील तर पाचवा येण्याची शक्यता पस्तीसवरून तीस टक्क्यांवर घसरते, कारण त्या रंगाचे आता पाचच पत्ते शिल्लक असतात. होल्डेममध्ये लाडावलेली ‘रंगाची आशा’ इथे ओळीच्या आशेपेक्षा मागे आहे. मात्र रंग लागला तर तो फुल हाउसलाही मारतो. ओळ अशी सोपी झाल्याने गुलाम-दश्शी हा हात शॉर्ट डेकमध्ये मानाचा. एक्का-राजाविरुद्ध तो बावन्न पत्त्यांत स्पष्टपणे मागे असतो. इथे अंतर बरेच कमी होते.

जुना अंदाज असा आहे: उपयोगी पत्ते मोजा, एक पत्ता यायचा असेल तर दोनाने गुणा, दोन यायचे असतील तर चाराने, टक्केवारी मिळते. शॉर्ट डेकमध्ये गुणक तीन आणि सहा होतात, कारण फ्लॉपनंतर न दिसलेले पत्ते सत्तेचाळीसऐवजी एकतीस असतात. आठ पत्ते उपयोगी असले तर सहाने गुणून अठ्ठेचाळीस येतात, खरे उत्तर साडेपंचेचाळीस. टेबलावर चालून जाते.

एक उदाहरण या सगळ्याचा अर्क सांगते. तुमच्या हातात अठ्ठ्यांची जोडी आहे, फ्लॉपवर अठ्ठी-नव्वी-दश्शी आली, आणि समोरच्याकडे गुलाम-राणी आहेत, म्हणजे त्याची ओळ जमलेली आहे. तुमच्या तीन अठ्ठ्या आत्ता हरत आहेत. टेबलावर जोडी पडून तुमचे फुल हाउस होण्याची किंवा चौथी अठ्ठी येण्याची शक्यता किती? बावन्न पत्त्यांत सुमारे चौतीस टक्के. छत्तीसमध्ये साडेपन्नास. जमलेली ओळ घेऊन बसलेला माणूस इथे आघाडीवर असूनही निम्म्याहून जास्त वेळा हरतो. रंगांचे योगायोग यात धरलेले नाहीत, पण त्यांनी चित्र फारसे बदलत नाही.

बुटाच्या पद्धतीचाही परिणाम आहे. सहा जण बसले तर पत्ते पाहण्याआधी पॉटमध्ये सात बूट असतात आणि पहिल्याला डावात राहायला एकच बूट लागतो. सातास एक भाव मिळत असताना बरे पत्ते टाकून देणे चूक ठरते. होल्डेममध्ये नुसती बरोबरी करून आत येणाऱ्याला जाणकार नाक मुरडतात. इथे तेच जाणकार तसेच आत येतात.

शिकायचे कसे : तीन मते

पहिले मत असे की आधी होल्डेम, मग शॉर्ट डेक. आज हा खेळ चांगला खेळणारे बहुतेक याच वाटेने आले. टप्पे, बोलीची भाषा, समोरच्याच्या हाताचा अंदाज बांधण्याची शिस्त हे सारे होल्डेममध्ये तयार मिळते. त्यावर पुस्तके आहेत, शिकवण्या आहेत. या मताची उणीव वर आलीच आहे: विसरावे लागते ते शिकण्यापेक्षा कठीण असते.

दुसरे मत याच्या उलट. कोऱ्या पाटीच्या माणसाने थेट छत्तीस पत्त्यांवर यावे. सुरुवातीचे हात रंगाचा भेद धरूनही एक्क्याऐंशीच प्रकारचे, बावन्नात एकशे एकोणसत्तर. पत्ते टाकून वाट पाहत बसण्याचा कंटाळा कमी, निर्णय घ्यायची वेळ जास्त वेळा येते, आणि निर्णय घेतल्याशिवाय कुणी शिकत नाही. यात तथ्य आहे. पण याच गुणातून एक दोष निघतो. हातांमधली अंतरे कमी असल्यामुळे चांगला निर्णय घेऊनही हरण्याची आणि वाईट निर्णय घेऊनही जिंकण्याची वेळ वारंवार येते. नवशिक्या निकालावरून धडा घेतो, आणि इथे निकाल पुष्कळदा खोटा धडा देतो. दहा रात्रींच्या जमाखर्चावरून आपण सुधारलो की नाही हे सांगता येत नाही.

तिसरे मत खेळाडूंपेक्षा गणितज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञांच्या परंपरेतून येते, आणि मला ते सर्वांत रंजक वाटते. त्यांच्याकडे पत्ते कमी करणे ही शिकण्याचीच पद्धत आहे. हॅरॉल्ड कून याने १९५० मध्ये अवघ्या तीन पत्त्यांचा पोकर मांडला: दोन खेळाडू, प्रत्येकी एक पत्ता, एकच बोली. एवढ्याशा खेळातही फसवी बोली, म्हणजे ब्लफ, ही स्वभावातली बदमाशी नसून हिशेबाचा भाग आहे, हे त्यातून स्वच्छ दिसते. पहिल्या खेळाडूने सर्वांत हलक्या पत्त्यावर जास्तीत जास्त तिसऱ्या हिश्श्याइतक्या वेळा बोली लावावी, आणि सर्वांत भारी पत्त्यावर त्याच्या तिप्पट वेळा. इतके करूनही दोघे बिनचूक खेळले तर पहिला दर डावाला सरासरी बुटाचा एक-अठरांश हिस्सा हरतोच. पुढे कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने सहा पत्त्यांचा ‘लेडक होल्डेम’ संगणकांच्या सरावासाठी वापरला. तिथल्याच गटाने २०१५ मध्ये दोघांतला, ठरावीक बोलींचा होल्डेम जवळजवळ पूर्ण सोडवल्याचे जाहीर केले. २०१९ मध्ये प्लुरिबस या प्रणालीने सहा जणांच्या खेळात व्यावसायिकांवर मात केली. हे शेवटचे दोन्ही टप्पे बावन्न पत्त्यांचे.

या मताचा सल्ला असा की आधी लहान खेळात प्रत्येक निर्णयाचे कारण समजून घ्यावे आणि मग पत्ते वाढवत जावे. छत्तीस पत्ते ही मधली पायरी होऊ शकते: फ्लॉपचे २२,१०० ऐवजी ७,१४० प्रकार, म्हणजे हिशेब तिसऱ्या हिश्श्यावर. आजचे शिकणारे संगणकावर उत्तरे काढून ती घोकतात. त्यावर आक्षेप असा की यंत्राचे उत्तर समोरचाही यंत्रासारखा खेळतो असे गृहीत धरते, आणि मकाऊत काय किंवा कुणाच्या दिवाणखान्यात काय, तसे कुणी खेळत नाही. शिवाय स्ट्रेट वर की ट्रिप्स वर, सगळ्यांचा बूट की दोघांचीच सक्तीची रक्कम, यांतले काहीही बदलले की घोकलेले सारे उत्तर फुकट. प्रमाण नियम ठरलेला नसण्याची किंमत शिकणाऱ्याला अशी मोजावी लागते.

कौशल्य, नशीब आणि कायदा

अंतरे कमी म्हणजे नशिबाचा वाटा जास्त, असे सर्रास म्हटले जाते. त्यावर उत्तर दिले जाते की कौशल्य एका डावाच्या निकालात मोजायचे नसते. निर्णय जास्त वेळा घ्यावे लागत असतील तर चुका करायलाही जागा जास्त, आणि कुशल माणूस त्या चुकांवरच जगतो. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. नशिबाचा गोंगाट वाढला तरी कौशल्याचा आवाज बंद होत नाही. तो ऐकू यायला जास्त डाव लागतात. किती जास्त, हे टेबल कसे आहे आणि समोर कोण आहे यावर ठरते, त्यामुळे एक आकडा कुणी देऊ शकत नाही.

भारतात हा प्रश्न निव्वळ तात्त्विक नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये सत्यनारायण खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले आणि तीन पत्तीसारख्या खेळांपासून वेगळे काढले. पोकर या दोघांच्या मध्ये लटकत राहिला. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज आणि रमीबरोबर पोकरलाही जुगाराच्या व्याख्येतून वगळले आहे, नागालँडने २०१६ मध्ये त्याला कौशल्याच्या खेळांच्या यादीत घातले, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नशिबाचा खेळ मानला. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा आहे. कॅसिनोंसाठी १९७६ मध्ये केलेला कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. मराठी माणसाला कॅसिनोतला पोकर पाहायचा तर पणजीला जाऊन मांडवीतल्या जहाजावर चढावे लागते. ऑनलाइनचा प्रश्न ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने वेगळ्याच रीतीने हाताळला: पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, बंद. त्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या.

पोकरवरच्या या निकालांत आणि कायद्यांत पत्ते किती, याचा विचार केलेला नाही. बावन्न पत्त्यांचा पोकर कौशल्याचा ठरला तर छत्तीसचाही आपोआप ठरतो का? आणि वीस पत्त्यांचा? कुठेतरी रेघ ओढावी लागेल, आणि ती ओढण्याची पद्धत आज कुणाकडे नाही.

अजून न सुटलेले

खेळ टिकेल का, याविषयीही मते विभागलेली आहेत. २०१८-१९ मधला उत्साह बड्या टेबलांभोवतीचा होता आणि तो खाली, लहान रकमांच्या खेळात, कितपत झिरपला याबद्दल शंका घेणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या मते इथे नवखे सुरुवातीला जिंकतात म्हणून येतात, आणि जाणकारांनी आकडे घोकले की नवख्यांची मजा संपते. दुसऱ्या बाजूचे लोक इटलीकडे आणि हाँगकाँगकडे बोट दाखवतात: पत्ते काढून खेळणारे तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, स्पर्धांवर त्यांचे काही अडलेले नाही.

मी स्वतः हा खेळ चिंचोक्यांवर शिकलो. घरातल्या जुन्या कॅटमधून सोळा पत्ते काढले, आणि एका रविवारी आम्ही पाच जणांनी दुपारी एक नियम आणि चहानंतर दुसरा नियम लावून पाहिला. ट्रिप्स वर असताना भाचा एकसारखा तक्रार करत होता. स्ट्रेट वर नेल्यावर तो गप्प झाला आणि मेहुणे तक्रार करू लागले. चिंचोके शेवटी दोघांचेही संपले. पुढच्या वेळी कोणता नियम लावायचा, यावर घरात अजून एकमत झालेले नाही, आणि दरम्यान पाच-तीन-दोनसाठी ठेवलेली एक सत्ती सापडेनाशी झाली आहे.